समोरच्या टेबलावरची रांग

उघडीप पडून अकरा दिवस झाले होते. तेवढ्या अवधीत कपाशी चार बोटे वाढली आणि गवत वीतभर. गावातल्या बायका सहा-सहा जणींच्या टोळ्या करून आळीपाळीने एकमेकींच्या रानात खुरपायला जात होत्या. आज तुझे रान, उद्या माझे. हा व्यवहार तोंडी चाले आणि कोणी विसरत नसे. जिचा एक दिवस बुडाला, तिच्या रानात तिच्या पाळीला एक खुरपे कमी येई. दवाखान्यात जाणे म्हणजे दिवस बुडवणे. असे असूनही दवाखान्याच्या ओट्यावर सोमवारी आणि शुक्रवारी रांग लागत होती, आणि बाईंना नेमकी तीच गोष्ट सलत होती.

बावीस वर्षे त्यांना सारे नुसते 'बाई' म्हणत. 'बाईंकडे जाऊन ये' म्हटले की गावात आणि भोवतालच्या चार वस्त्यांत दुसरा अर्थ निघत नसे. सात आठवड्यांपूर्वी दवाखान्याला दुसरी परिचारिका मिळाली आणि आठ दिवसांच्या आत बाई 'जुन्या बाई' झाल्या. हे विशेषण प्रथम कोणी लावले ते कळले नाही. जुना हा शब्द कशाकशाच्या मागे लागतो, हे बाईंनी एकदा मनाशी आठवून पाहिले. खोकला, भांडण, छप्पर. तांदूळ सोडला तर एकाही वस्तूचे मोल त्या शब्दाने वाढत नव्हते.

"नवी विटी, नवं राज्य," त्यांचा नवरा म्हणाला होता. तो ओसरीवर शिवणयंत्र टाकून बसे आणि सारे गाव त्याला टेलर म्हणे. "तुझं डाव देऊन झालंय. आता बाजूला उभं राहून बघायचं."

"मी बघणारी नाही," बाई म्हणाल्या होत्या, आणि त्या शब्दाला जागल्या. दवाखान्याच्या एकुलत्या खोलीत दोन टेबले आली. गरोदर बायका नव्या बाईंकडे आणि लसी, वजने व खोकला जुन्या बाईंकडे, अशी वाटणी वरून ठरून आली होती. बाईंनी आपले टेबल उचलून खिडकीकडे तोंड करून लावले. कारण विचारणाऱ्याला त्या सांगत, "उजेड बरा येतो." खिडकीतून दवाखान्याची मोरी आणि भिंतीवर वाळत टाकलेली फडकी दिसत. पाठीमागची रांग दिसत नसे. ऐकू मात्र येई.

ऐकू येणारे सगळे बाईंना पाठ झाले होते. नव्या बाई प्रत्येकीला पाठ टेकायची खुर्ची देत. पाच मिनिटे नुसते बसवत. पाय जमिनीला टेकवायला लावून, बाही वर सरकवून, मग दंडाला पट्टा बांधत. कोपऱ्यात चादरीचा पडदा केला होता, त्याच्या आड पोट तपासत आणि तपासता तपासता विचारत, "झोप लागते का? मळमळतं का? घरात कामाला कोण मदत करतं?" या शेवटच्या प्रश्नाला पडद्याआडून हसण्याचा आवाज येई. बावीस वर्षांत बाईंच्या टेबलाशी कोणी हसल्याचे त्यांना आठवत नव्हते. त्यांच्यापुढे बायका उभ्या राहत, हात पुढे करत, ओरडा खात आणि गोळ्या घेऊन जात. रक्तदाबाचा आकडा बाई नेमका घेत असत, निदान त्यांची तशी समजूत होती. पण त्यांच्या रजिस्टरात शेवटचा अंक शून्याखेरीज दुसरा क्वचितच आढळे. नव्या बाई एकशे बारा लिहीत, एकशे अठरा लिहीत. बाईंना तो दिखाऊपणा वाटे.

आकडे त्या तरीही मोजत. मत्सराला गणिताचे वावडे नसते. आपल्या काळात सोमवारी एकोणीस गरोदर बायका येत; आता त्रेचाळीस. आपल्या काळात चौथ्या तपासणीला निम्म्या गळत. आता गळत नव्हत्या. दोन्ही आकडे त्यांनी दोनदा पडताळले आणि दोन्ही वेळा ते खरेच निघाले.

शिवाय ही नवी मुलगी त्यांना 'मावशी' म्हणे. दवाखान्यात मावशी म्हणजे फरशी पुसणारी, भांडी बदलणारी. मुलीच्या मनात तसे काही नव्हते. आईच्या वयाच्या बाईला ती गोड आवाजात मावशी म्हणत होती. पण बाईंना प्रत्येक वेळी हातात फडके दिल्यासारखे होई.

एवढे सगळे एक वेळ गिळता आले असते. घासात खडा लागला तो घरातच.

सून पहिलटकरीण होती. आठवा महिना लागला होता. गावातली एवढी पोरे बाईंच्या हातांत पहिल्यांदा रडली. आपले नातवंडही आपल्याच हातांत रडेल, हे त्यांनी इतके गृहीत धरले होते की कधी बोलूनही दाखवले नव्हते. सात आठवड्यांपूर्वी त्यांनीच सुनेला तपासले. वजन एक्कावन्न किलो, रक्तदाब एकशे दहा-सत्तर. त्यानंतर पंधरवड्याने एकदा जेवायला बसताना सून खाली मान घालून म्हणाली, "आई, पुढची तपासणी मी नव्या बाईंकडं करते."

बाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "का? माझे हात झिजले?"

"तसं नाही. सगळ्या जातात. आणि घरचं माणूस तपासतं तेव्हा ओरडतं जास्त."

"ओरडते ते तुझ्या भल्यासाठी."

"हो ना. पण मग मला खरं सांगावंसं वाटत नाही."

टेलर घाईने म्हणाला, "अगं, घरचा शिंपी असून माझी पँट उसवलेलीच असते. घरच्याकडून काम होत नाही."

मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, भाजीचा टेम्पो चालवत असे आणि जेवताना बोलत नसे. तोही हसला.

"जा," त्या म्हणाल्या. "तिच्याकडंच जा. बाळंतपणही तिच्याकडंच कर. आजपासून मी तुला हात लावणार नाही."

बाई बोलल्या ते पाळत. त्या दिवसापासून त्यांनी सुनेला खरेच हात लावला नाही. डोळाही शक्यतो लावला नाही. तिच्या ताटात वाढताना त्या ताटाकडे बघत.

बुधवारी दुपारी नव्या बाई पलीकडच्या वस्तीवर एका ओल्या बाळंतिणीला बघायला गेल्या. दवाखान्यात बाई एकट्याच होत्या. डबा उघडण्यापूर्वी त्यांनी दार लोटून घेतले आणि समोरच्या टेबलावरचे रजिस्टर उघडले. अक्षर सुबक होते. त्याचाही त्यांना राग आला. पाने उलटताना बोट आपोआप सुनेच्या नावापाशी थांबले.

तपासणी याच सोमवारची होती. रक्तदाब एकशे बारा-सत्तर. पोटाच्या रकान्यात लिहिले होते: 'महिन्याच्या मानाने वाढ कमी वाटते, पुढच्या वेळी पुन्हा मोजणे.' आणि वजन: अठ्ठावन्न.

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा पुसून पुन्हा पाहिले. सात आठवड्यांत सात किलो. गर्भारपणात आठवड्याला अर्धा किलो भरला तरी अंगी लागले म्हणायचे. वजन दुप्पट वेगाने वाढले आणि पोट मात्र लहान. असे कसे होईल?

त्या उठल्या. औषधांच्या पेटीमागे दहा किलोचे लोखंडी माप होते. ते त्यांनी नव्या बाईंच्या काट्यावर ठेवले. काटा बरोबर दहावर थांबला. दोनदा ठेवले, दोनदा दहा. म्हणजे काट्यात खोट नव्हती. मग खोट वाचणाऱ्या डोळ्यांत होती. एवढी खुर्ची, एवढा पडदा, एवढे गोड बोलणे, आणि साधा काटा वाचता येत नाही.

शक्यता वास्तविक तीन होत्या. काटा चुकला असेल. वाचणारी चुकली असेल. किंवा आकडा जसा आहे तसा कशाची तरी खूण असेल. बाईंनी पहिली रीतसर तपासली, आणि दुसरी मनाजोगती निघाल्यामुळे तिथेच थांबल्या. तिसरीपर्यंत पोचायला त्यांना बावीस वर्षांचा अनुभव पुरेसा होता, पण त्या दुपारी तो अनुभव कामावर नव्हता.

डबा त्यांनी बऱ्याच दिवसांनी चवीने खाल्ला. एका आड एक शुक्रवारी तालुक्याच्या डॉक्टर तपासणीला येत. हा शुक्रवार त्यांचा होता.

गुरुवारी सकाळी घरात चपलांवरून गडबड झाली. मुलगा दारात अनवाणी उभा राहून ओरडत होता, "माझ्या चपला कुठं गेल्या? काल पण नव्हत्या."

"ती घालून जाते रानात," टेलर सुईत दोरा ओवीत म्हणाला. "म्हणते, ऐसपैस आहेत."

सून खुरपे आणि पाण्याची कळशी घेऊन कधीच बाहेर पडली होती. आज टोळी गवंड्याच्या रानात होती. जाताना तिने कपाळाला फडके आवळून बांधले होते आणि चहाची कपबशी तशीच ठेवली होती. बाईंना हे दिसले. उंबऱ्याबाहेर पडण्यापूर्वी ती दाराच्या चौकटीला धरून क्षणभर थांबली होती, हेही दिसले. डोके दुखत असेल, उन्हाचे दुखते. विचारायला गेले तर ती म्हणायची, 'नव्या बाईंना सांगते.' त्यापेक्षा न विचारलेले बरे. बाईंनी कपबशी विसळून पालथी घातली. उद्या डॉक्टरांपुढे कोणत्या शब्दांत सांगायचे, याची त्या जुळवाजुळव करत होत्या. 'मी बोलणार नव्हते' अशी सुरुवात त्यांनी नक्की केली होती.

शुक्रवारी डॉक्टर साडेदहाला जीपने आल्या. हडकुळ्या अंगाची, वाक्ये मोजून वापरणारी बाई. ओट्यावर रांग होती. आत खुर्चीवर एक बाई बसवलेली होती; तोंडाला आणि डोक्याला रानातले फडके गुंडाळलेले, हात पुढे, पाय टेकलेले. नव्या बाई तिच्या दंडाला पट्टा बांधत होत्या. बाईंनी आपल्या खिडकीजवळच्या टेबलावरून उठून नव्या बाईंच्या हाताशी असलेले रजिस्टर ओढले आणि डॉक्टरांपुढे उघडून धरले.

"मी बोलणार नव्हते," त्या म्हणाल्या. "पण माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. हे वजन बघा. ही माझी सून. सात आठवड्यांमागं मी केलं तेव्हा एक्कावन्न. यांनी सोमवारी केलं, अठ्ठावन्न. आणि खाली लिहिलंय, वाढ कमी. असलं शिक्षण आम्हाला नव्हतं."

नव्या बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ओट्यावरचे बोलणे थांबले. बाईंना तो शांतपणा फार दिवसांनी मिळत होता.

डॉक्टरांनी आकड्यावर बोट ठेवले. "काटा तपासला?"

"बुधवारी. माप ठेवून. काटा अचूक आहे."

"बुधवारी." डॉक्टरांनी वर पाहिले. "म्हणजे दोन दिवस तुम्हाला माहीत आहे. अंगावर पाणी चढलं असेल, ते पाहिलं?"

बाईंनी रजिस्टरावरचा हात काढून घेतला.

"सूज आहे का पायांवर?"

"पाहिलं नाही."

"डोकं दुखतं का?"

कपाळाला आवळलेले फडके बाईंच्या डोळ्यांपुढे आले. चौकट धरलेला हात आला. मुलाच्या ऐसपैस चपला आल्या. एकेक खूण आपल्या जागी येऊन बसली, आणि प्रत्येकीचे नाव बाईंना पाठ होते; शिकाऊ मुलींना त्यांनी ती शिकवली होती.

"तुमच्याच घरात राहते ना ती?" डॉक्टरांनी विचारले. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोपे गेले असते.

"पण डॉक्टर, सूज नव्हती," नव्या बाई म्हणाल्या. "मी स्वतः घोटा दाबून बघितला सोमवारी. लघवीपण तपासली. काही नव्हतं. मला आठवतंय, कारण पोट लहान वाटलं म्हणून मी…" त्या थांबल्या आणि समोर खुर्चीवर बसलेल्या बाईच्या दंडाकडे पाहू लागल्या. कोपराच्या वर भाजल्याचा जुना डाग होता. "हा हात," त्या सावकाश म्हणाल्या, "मी सोमवारीही पाहिलाय."

बाईंनी मान वळवली. सात आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी त्या खुर्चीकडे नीट पाहिले, आणि फडक्याआडचे डोळे ओळखायला त्यांना निमिषही लागले नाही. तिच्या दोन्ही बाळंतपणांना त्याच होत्या. तो डागही चुलीपाशी पडली तेव्हा त्यांनीच धुतलेला.

"गवंडीण," त्या म्हणाल्या. "फडकं काढ. आज कोणाचं कार्ड आणलंस?"

गवंड्याच्या बायकोने फडके खाली ओढले. सातवा महिना. "चुलत जावेचं," ती पुटपुटली.

"आणि सोमवारी?"

"तुमच्या सुनेचं. माझं मागच्या शुक्रवारी झालं होतं." मग तिचा बांध फुटला. "बाई, सगळ्या जणी आल्या तर खुरपायचं कोणी? टोळीत ठरलं. मला वाकवत नाही, मी दवाखाना करायचा. माझ्या वाटणीचं त्या खुरपणार. नाहीतरी गोळ्या सगळ्यांना सारख्याच मिळतात."

"तपासणी पण सारखी असते का गं?"

"आम्हाला काय ठाऊक? सगळ्यांना 'छान आहे' असंच म्हणतात नव्या बाई."

नव्या बाई खाली बसल्या. "मी कार्ड बघत होते," त्या म्हणाल्या. "तोंड बघितलंच नाही. मला ओळखताच आलं नसतं. मावशी, तुम्हाला आलं असतं. तुम्ही इथंच होता. चार हातांवर."

हे आरोपासारखे बोललेले नव्हते. अंतर सांगावे तसे सांगितले होते. बाईंनी आपल्या टेबलाकडे पाहिले. खिडकीतून मोरी दिसत होती.

"म्हणजे सोमवारी सुनेला कोणी पाहिलंच नाही. उठा," डॉक्टर म्हणाल्या. "जीप घेऊन जा दोघी. रक्तदाबाचं मशीन बरोबर घ्या."

टोळी ओढ्याकाठच्या रानात होती. जीप बांधापर्यंत गेली. पुढे सरीतून चालावे लागले. ढेकळे वाळून टोकदार झाली होती. चार बायका ओळीने पुढे सरकत होत्या आणि त्यांच्या बऱ्याच मागे, अर्ध्या सरीत, सून एका गुडघ्यावर बसली होती. खुरपे जमिनीत रोवून ती त्याच्या मुठीवर भार देऊन होती. एरवी टोळीत ती सगळ्यांच्या पुढे असे.

बाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. चेहरा फुगला होता. डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. एकाच घरात, एकाच चुलीपाशी, हा चेहरा रोज दोन वेळा त्यांच्यापुढून गेला होता. त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला, नवऱ्याची चप्पल काढली आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. बाई मनात आकडे मोजत राहिल्या. वीस झाले, तीस झाले, खळगा भरेना.

"डोकं?"

"तीन दिवस झाले. कालपासून डोळ्यांपुढं काजवे चमकतात."

"मला सांगायचं नाहीस का गं?"

सून त्यांच्याकडे पाहत राहिली. ती रागावली नव्हती. तिला फक्त आठवत होते. "तुम्ही म्हणाला होता ना, हात लावणार नाही म्हणून."

नव्या बाईंनी तिथेच सरीत बसून पट्टा बांधला. एकदा मोजले, थांबून पुन्हा मोजले, आणि मशीन बाईंपुढे धरले. एकशे अडुसष्ट. खालचा एकशे बारा. बाईंना यातला एकही अंक दिखाऊ वाटला नाही.

दवाखान्यात पोचल्यावर वजन केले. छप्पन्न भरले. रजिस्टरातल्या खोट्या आकड्याहून दोनच किलो कमी. तो आकडा तसाच लिहिलेला राहिला असता तरी खरा वाटला असता. लघवी परीक्षानळीत तापवली ती दह्यासारखी गोठली, म्हणजे तिच्यातून प्रथिने जात होती. डॉक्टरांनी एवढेच म्हटले, "झटके यायच्या आत निघायचं. दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शन, एकदमच. मोठी आहेत, खोल गेली पाहिजेत."

नव्या बाईंनी औषध भरले. जाड सुई, सिरींज काठोकाठ. "मी हे फक्त बाहुलीवर केलंय," त्या हळूच म्हणाल्या.

उजवे बाईंनी दिले. हात चळला नाही. सुनेने दात आवळून उशी धरली. डावेही त्यांनाच देता आले असते, आणि डॉक्टर अडवणार नव्हत्या. 'बघ, येतं का तुला' असे म्हणायची ही जागा होती. बाईंनी दुसरी सिरींज उचलली, क्षणभर धरली आणि मग नव्या बाईंच्या हातात दिली.

"सरळ घाल. तू बिचकलीस तर तिला जास्त दुखेल. मी सांगते तिथं बोट ठेव. हां. आता."

नव्या बाई बिचकल्या नाहीत.

जीपमध्ये मागच्या बाकावर सुनेला डाव्या कुशीवर निजवले. डॉक्टर पुढे बसणार होत्या. मागे तिच्या उशाशी एकाच माणसाची जागा होती. वाटेत श्वास मोजणारे, झटका आला तर जीभ सांभाळणारे माणूस हवे होते. बाईंनी पिशवीत लुगडे आणि तांब्या कोंबला आणि एक पाय फळीवर ठेवला.

"कोण येतंय?" डॉक्टरांनी मान मागे वळवून विचारले.

सुनेने डोळे उघडले. "नव्या बाई येऊ देत," ती म्हणाली. मग बाईंकडे बघून पुढे म्हणाली, "आई, तुमचा हात बघा."

बाईंनी पाहिले. जीपच्या कडीला धरलेला त्यांचा हात थरथरत होता. सुई टोचताना न चळलेला हात आता मोकळा झाला होता आणि ऐकत नव्हता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला. दुसराही तसाच निघाला. असल्या हाताने नाडी मोजता येत नाही, हे त्यांनी कोणाही शिकाऊ मुलीला सांगितले असते.

त्यांनी पाय खाली घेतला. नव्या बाई चढल्या, सुनेचे डोके मांडीवर घेऊन बसल्या आणि सुनेने त्यांचा पदर मुठीत धरला. बाईंना हे शेवटपर्यंत दिसले, कारण जीपला मागे दार नव्हते.

ओट्यावर अजून सव्वीस बायका होत्या. कोणी उठून गेली नव्हती. बाई आत आल्या, नव्या बाईंच्या टेबलाशी बसल्या आणि पहिल्या बाईला म्हणाल्या, "बस. पाठ टेकून. पाच मिनिटं गप बस, मलाही बसू दे." हात थांबल्यावर त्यांनी तिचे कार्ड पाहिले, मग तोंड पाहिले. "हे तुझं नाही. हे तुझ्या भावजयीचं."

तिसरीचे कार्ड शेजारणीचे निघाले. नववीने विचारायच्या आत कबूल केले. संध्याकाळपर्यंत सव्वीसांत सात कार्डे परकी निघाली. बाई एरवी ओरडल्या असत्या. आज ओरडण्याचा अधिकार त्यांनी बुधवारीच खर्चून टाकला होता. शेवटच्या परक्या कार्डवालीला त्या म्हणाल्या, "टोळीला सांग, खुरपणी होईस्तोवर रोज एका रानात दवाखानाच येईल. बांधावर बसवून तपासू. दिवस बुडायचा नाही. पण जिचं पोट, तिचाच दंड."

"नव्या बाई पण येणार ना?" तिने विचारले.

प्रश्न साधा होता. बाईंना तो जिथे लागायचा तिथे लागलाच. त्यांनी पट्ट्यातली हवा पुरती सोडली आणि मग उत्तर दिले. "येतील. त्यांना रानातली वाट माहीत नाही. मी दाखवीन."

सहाच्या सुमारास टेलर दवाखान्यात येऊन बसला. मुलगा टेम्पो घेऊन परस्पर तालुक्याला गेला होता. टेलरने बरोबर कसलेही विनोद आणले नव्हते. टेबलावरचा फोन दोघे बघत राहिले. तो साडेसहाला वाजला.

"मावशी, मुलगी झाली," नव्या बाईंचा आवाज आला. तो थकून खरखरत होता. "पोट उघडावं लागलं. झटका वाटेत एक येऊ घातला होता, पण आला नाही. आई शुद्धीवर आहे. रक्तदाब उतरतोय, दीडशे-शंभर. अजून दोन दिवस धोका आहे म्हणालेत. मुलगी एकोणीसशे ग्रॅम. रडली लगेच. पेटीत ठेवलीय, पण श्वास तिचा ती घेतेय."

बाईंनी फोनवर हात ठेवून टेलरला सांगितले. टेलरने तोंड पंच्यात लपवले.

"तिला पहिल्यांदा कोणी घेतलं?" बाईंनी विचारले.

"तिथल्या नर्सनं बाहेर काढली," नव्या बाई म्हणाल्या. "पुसायला माझ्या हातात दिली."

म्हणजे हिच्या हातात. बाईंनी डोळे मिटले. पोटात बुधवारचीच आग होती. ती विझली नव्हती, आणि विझेल असे त्यांना वाटतही नव्हते. नव्या बाई नसत्या तर आज पुसायला कोणी उरले नसते, हेही त्यांना तितकेच स्पष्ट कळत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीने दुसरी वजा होत नव्हती.

"मला अजून दोन दिवस दिसणार नाही ती," बाई म्हणाल्या. "इथं कोणीतरी राहायला पाहिजे."

"हो, मावशी."

बाईंनी पाठ टेकायची खुर्ची फोनजवळ ओढली, तीत नीट बसल्या आणि पाय जमिनीला टेकवले.

"मग सांग, कशी आहे," त्या म्हणाल्या. "पायाच्या बोटांपासून सुरुवात कर. सावकाश. काही गाळू नकोस."